शेवटच्या दिवशी युनिव्हर्सल नको: सिंगापूरहून मुलं परत आणताना

सांगलीकडच्या एका शाळेतल्या सरांचा प्रश्न आहे. आठवी ते दहावीची 38 मुलं आणि 4 शिक्षक सिंगापूरला निघालेत, मुक्काम पाच रात्रींचा. परतीचं विमान रात्री आठचं. एजंटने शेवटच्या दिवसासमोर लिहून दिलंय: 'सकाळी चेकआउट, दिवसभर युनिव्हर्सल स्टुडिओज, वाटेत मुस्तफामध्ये खरेदी, तिथून थेट विमानतळ.' हे जमेल का, आणि शेवटच्या दिवशी नेमकं काय सांभाळायचं, असं सर विचारतात.

सर, कागदावर जमेल. मुलांबरोबर नाही जमणार. सतरा वर्षं मी शाळांचे ग्रुप सहलींना नेत आहे. सिंगापूरच्या सहली तर तिसाव्या खेपेनंतर मोजायच्या सोडून दिल्या. एजंट हा कार्यक्रम का लावतात ते मला ठाऊक आहे. पाच दिवसांत सहा दिवसांची ठिकाणं बसवली की पत्रक भारी दिसतं आणि पालकसभेत टाळ्या पडतात. भोगायचं मात्र तुमच्या चार शिक्षकांनी.

युनिव्हर्सल म्हणजे राइड्सचा मोठा पार्क, तिथे मुलं टोळक्या-टोळक्यांनी फिरतात. आवडीच्या राइडला तास-तासभर रांग असते. तुम्ही तीनला फाटकाशी जमायला सांगितलेलं असतं आणि पावणेतीनला दोघं रांगेत सगळ्यात पुढे पोचलेले असतात. कुठलं पोर तिथून मागे फिरेल? एरवी अर्धा तास उशीर झाला तर जेवण अर्धा तास पुढे जातं. त्या दिवशी विमान असतं. वर पाण्यातल्या राइडवरून चिंब होऊन आलेली चार-पाच जणं ओले बूट, ओली जीन्स घेऊन एसी बसमध्ये आणि मग साडेपाच तास विमानात बसतात. मुंबईत उतरताना तापलेली असतात. युनिव्हर्सल दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घ्या. मुस्तफाही आधीच्या एखाद्या संध्याकाळी उरका. ते मजल्यावर मजले चढवलेलं दुकान आहे, दारं अनेक, आणि आतून सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. तिथे हरवलेलं मूल सापडतं, पण सापडायला वेळ लागतो. शेवटच्या दिवशी नेमका तोच नसतो.

माझा अनुभव असा की पहिल्या दिवशी सगळे जागे असतात. शेवटच्या दिवशी मुलं रात्रभर गप्पा मारून अर्धवट झोपेत असतात आणि शिक्षक मनाने घरी पोचलेले असतात. माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका या दिवशीच्याच आहेत.

म्हणून शेवटचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू करायचा. शेवटच्या रात्री लाइट शो, नाइट सफारी असलं काही ठेवू नका. आठपर्यंत जेवण, नऊपर्यंत बॅगा भरलेल्या. हुकाला अडकवून बॅग तोलायचे छोटे वजनकाटे मिळतात, ते दोन घेऊन जा. एकाचा सेल संपतोच. मी कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून बसते आणि एकेक खोली बॅगा घेऊन येते. वजन कपड्यांमुळे वाढत नाही, चॉकलेटांमुळे वाढतं. दुसरं कारण म्हणजे आईने दिलेले डबे. दरवेळी चिवडा, चकल्या, लाडू यांचे तीन-चार न उघडलेले डबे सिंगापूर बघून परत निघालेले असतात. ते त्याच रात्री कॉरिडॉरमध्ये उघडायचे. सहलीतली सगळ्यात छान पंगत ती होते, आणि दोन-दोन किलो वजन उतरतं ते वेगळंच.

हँडबॅगही तेव्हाच बघून घ्या. मरलायनचा सिंहमासा आत बसवलेला, हलवला की चमकी उडणारा पाण्याचा काचगोळा प्रत्येक ग्रुपमध्ये पाच-सहा मुलं घेतातच. तो हातातल्या सामानात चालत नाही. आत 100 मिलीपेक्षा जास्त पाणी असलं की तपासणीत काढून घेतात, आणि आजीसाठी घेतलेला काया जॅमही त्याच नियमात जातो. हसऱ्या चेहऱ्याने काढून घेतात, पण पोर रडतं ते रडतंच. या वस्तू कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. पॉवर बँकेचं उलटं: ती मोठ्या बॅगेत अजिबात चालत नाही, हँडबॅगेतच हवी. आणि कुणी हौसेने ड्रोन घेतला असेल तर दुकान उघडं असेपर्यंत परत करायला लावा. तयार ड्रोन बाहेरून आणायला भारतात फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे.

आता पासपोर्ट. यावर माझं मत ठाम आहे आणि काही मुख्याध्यापकांना ते आवडत नाही. मुलांचे पासपोर्ट मुलांकडे ठेवू नका. चेक-इनच्या काउंटरपर्यंत ते शिक्षकांकडे, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत, प्रत्येक गठ्ठ्याला रबर आणि वर नावांची चिठ्ठी.

एका शाळेने मला सांगितलं होतं, 'ताई, मुलांना जबाबदारी कळू दे, पासपोर्ट त्यांच्याकडेच राहू देत.' मी मान डोलावली. विमानतळाच्या दारात बस थांबली, पोटातल्या बॅगा उतरवून फुटपाथवर रांगेने लावल्या. नववीतला एक मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, पासपोर्ट बहुतेक बॅगेत गेला." म्हटलं, काढ. शाळेने सगळ्यांना एकसारख्या आकाशी बॅगा दिल्या होत्या. ओळीने 46 आकाशी बॅगा. त्याची सापडली, उघडली, फुटपाथवर रिकामी केली. पासपोर्ट नाही. मग आठवलं की रात्री दोघा मित्रांनी एकाच पलंगावर पसारा मांडून बॅगा भरल्या होत्या. मित्राची बॅग उघडली. सगळ्यात तळाशी घडी घातलेली जीन्स, तिच्या मागच्या खिशात चॉकलेटच्या कागदाबरोबर पासपोर्ट. चाळीस मिनिटं गेली. बसचे ड्रायव्हर अंकल खाली उतरून आमच्याबरोबर कपडे घड्या करून भरत होते. (सिंगापुरात वयाने मोठ्या ड्रायव्हरला सगळेच अंकल म्हणतात. मुलांना हे फार आवडतं.) तेव्हापासून माझे दोन नियम आहेत: पासपोर्ट माझ्याकडे, आणि प्रत्येक बॅगेच्या मुठीला वेगळ्या रंगाच्या कापडाची चिंधी.

पासपोर्ट खरोखरच हरवला तर? आधी पोलिसांत तक्रार, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय, तिथून परतीच्या प्रवासापुरता आणीबाणीचा दाखला. त्या रात्रीचं विमान गेलंच समजा. तेव्हा मुलाबरोबर मागे कोण थांबणार हे निघण्याआधी, सांगलीतच ठरवा. त्या शिक्षकांकडे दोन दिवसांच्या मुक्कामाचे पैसे वेगळे द्या. ऐनवेळी ठरवायला गेलात तर चौघेही एकमेकांकडे बघत राहतात, मी पाहिलंय.

सकाळी खोल्या रिकाम्या करताना मुलांवर विसंबू नका. 'बघितलंस का नीट?' 'हो ताई' या संवादाला काही किंमत नाही. मुलं बॅगा घेऊन दाराबाहेर, आपण आत. पांढऱ्या चादरीत पांढरा चार्जर आणि पांढरे मोजे दिसत नाहीत, म्हणून चादर झटकायची. भिंतीतल्या सॉकेटला जाड तीन पिनांचा अडॅप्टर हमखास राहतो. बाथरूमच्या दारामागे पोहायचे कपडे असतात. तिजोरी बंद दिसली तर हॉटेलच्या माणसाला बोलावून उघडून घ्या, त्या खोलीतलं मूल तिचा कोड विसरलेलं असतं. आणि बेसिनजवळचा चुरगळलेला टिश्यू उलगडून बघा. दातांची क्लिप जेवताना त्यात गुंडाळून ठेवतात आणि सफाईवाले ती उचलून टाकतात. तीनदा मी ती अशी वाचवली आहे, एकदा कचऱ्याच्या पिशवीतून.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते, युनिव्हर्सल नाही तर काय? मी बोटॅनिक गार्डनला नेते. बुकिट तिमाहजवळची ही बाग 1859 सालची, 2015 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. ऑर्किडचा विभाग सोडला तर तिकीट नाही, पळायला गवत आहे, सावली आहे. पत्रकात तिचं नाव फिकं दिसतं, म्हणून एजंट ती लावत नाहीत. पण शेवटच्या सकाळी मुलांना आणखी काही 'बघायचं' नसतं, त्यांना बसायचं असतं.

आणि सांगायलाही तिथे खूप आहे. ब्राझीलमधल्या रबराच्या झाडाची रोपं लंडनच्या क्यू बागेतून 1877 मध्ये इथे आली. पुढे हेन्री रिडली नावाच्या संचालकाने झाडाला न मारता, साल तिरकी-तिरकी चिरून चीक काढत राहायची पद्धत इथेच बसवली. मळेवाल्यांनी रबर लावावं म्हणून तो इतका मागे लागायचा, की लोक त्याला 'मॅड रिडली' म्हणत. मलायाचं रबर जगभर गेलं त्याची सुरुवात या बागेतली. एकदा हे सांगत होते तर सिंधुदुर्गातली एक मुलगी मध्येच म्हणाली, "आमच्या दोडामार्गात पण आहे की हे! सकाळी वाट्या लावतात झाडाला." पाच दिवस ती मुलगी तोंडातून शब्द काढत नव्हती. मग पुढची दहा मिनिटं तिने सांगितलं, मी ऐकलं. चीक पहाटेच का काढायचा, पाऊस आला की वाटीचं काय होतं, सगळं.

निरोपाचं जे काही करायचं ते इथेच करा. गोल करून बसवा. पाच दिवसांत कोणी कोणाला मदत केली ते बोलू द्या, भांडणं झाली असतील तर मिटू द्या. शेवटच्या दिवशी भांडणं होतातच, झोप नसते ना. ड्रायव्हर अंकलना द्यायचं कार्डही इथेच सगळ्यांच्या सह्यांनी तयार होतं. विमानतळावर भाषणं नकोत. तिथे कोणी ऐकत नाही आणि मोजणी चुकते.

बागेतून निघताना उरलेली नाणी गोळा करा. नोटा भारतात बदलून मिळतात, नाणी सहसा कोणी घेत नाही. चाळीस मुलांच्या खिशातून बऱ्यापैकी डॉलर निघतात. आम्ही त्यातून सगळ्यांना थंड लिंबूपाणी आणि अंकलना कॉफी घेतो.

दुपारचं जेवण ओळखीचं असू द्या. सेरंगून रोडवर 1947 पासून कोमला विलास आहे, आसपास आणखीही बरीच ठिकाणं आहेत. डोसा किंवा साधी थाळी. 'शेवटचा दिवस आहे, चिली क्रॅब खाऊन बघू दे' असं एखादे सर म्हणतील. त्यांना हात जोडा. मुलगा ते विमानात बाहेर काढेल आणि शेजारी तुम्हीच बसलेले असाल.

आठच्या विमानासाठी मी साडेतीन ते चारच्या दरम्यान चांगी विमानतळावर पोचते. लोकांना हे फार लवकर वाटतं. पण तिथे ज्युएल आहे. 2019 मध्ये उघडलेली काचेच्या घुमटाची इमारत, मध्ये 40 मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा, चारी बाजूंनी जंगल रचलेलं, मधूनच टर्मिनल जोडणारी छोटी गाडी जाते. मरीना बे सँड्स या प्रसिद्ध हॉटेलचे वास्तुरचनाकार मोशे सफदी यांचंच हे काम आहे. मुलांना हे सांगितलं की दोन्ही इमारतींत सारखं काय आहे ते शोधत बसतात, पाऊण तास सुटतो. धबधबा आणि भोवतालची झाडी बघायला पैसे पडत नाहीत, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या खेळांना मात्र तिकीट आहे.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या: ज्युएल इमिग्रेशनच्या अलीकडे आहे. एकदा पासपोर्टची तपासणी करून आत गेलात की तिथे परत येता येत नाही. काही ग्रुप घाईने आत जातात आणि मग धबधबा कुठे म्हणून विचारतात. टर्मिनल 1 तर ज्युएलला चिकटूनच आहे, 2 आणि 3 पुलाने जोडलेली, 4 ला मात्र बस घ्यावी लागते. तुमचं विमान कुठून आहे ते आदल्या दिवशी परत तपासा. बॅगा लवकर जमा करता आल्या तर फार सुटसुटीत होतं. काही कंपन्या ती सोय देतात, तुमच्या तिकिटाला लागू आहे का ते एजंटकडून लेखी घ्या.

मोजणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांची गडबड इथेच होते. आपण मुलांना क्रमांक देतो आणि ती ओरडतात, एक, दोन, तीन. पहिले तीन दिवस हे झकास चालतं. चौथ्या दिवसापासून मुलं मित्राचाही नंबर ओरडायला लागतात. मित्र पाणी प्यायला गेलेला असतो, 'ताई ओरडेल' म्हणून हा त्याच्या आवाजात 'सतरा' म्हणतो. एकदा ज्युएलमध्ये माझे 40 पूर्ण झाले आणि समोर उभी होती 38. म्हणून शेवटच्या दिवशी आवाजावर मोजत नाही. प्रत्येक शिक्षकाकडे दहा मुलं, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून, चेहरा बघून मोजायचं. स्वच्छतागृहात जाण्याआधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा.

इमिग्रेशनला हीच गोष्ट उलटी उभी राहते. तिथे आता चेहरा आणि डोळे टिपून उघडणारी स्वयंचलित फाटकं आहेत. मूल दहा-वीस सेकंदांत पलीकडे. छान आहे, पण सगळे शिक्षक मागे मुलं ढकलत राहिले तर पलीकडे तीस मुलं मोकळी सुटतात आणि समोर असतात चॉकलेटांची दुकानं. एका शिक्षकाने सगळ्यात आधी जायचं आणि एक जागा धरून उभं राहायचं. सगळ्यात शेवटी मी. अजून एक: पासपोर्टवर सिंगापूरचा शाईचा शिक्का मिळत नाही, ते बंद झालं. पहिल्यांदा परदेशी आलेली मुलं यावर फार हिरमुसतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. मी माझ्याकडचा रबरी शिक्का वहीवर मारून देते. हसू नका, दहावीतली मुलंही रांग लावतात.

पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळतो, त्या जीएसटी परताव्याचं थोडक्यात. दर 9 टक्के आहे आणि एका दुकानात 100 डॉलरची खरेदी लागते, पण घेणारा 16 वर्षांचा असावा लागतो. म्हणजे तुमच्या बहुतेक मुलांना तो मिळत नाही. मुलांची खरेदी शिक्षकांच्या पासपोर्टवर दाखवायच्या फंदात पडू नका. शिक्षकांनी स्वतःसाठी घेतलं असेल तर वस्तू मोठ्या बॅगेत टाकून बॅग जमा करण्याआधीच ते काम करा, वस्तू दाखवायला सांगू शकतात.

विमानात बहुतेक झोपतात. एखादं मूल मात्र खिडकीकडे तोंड करून रडतं आणि कारण विचारलं तर 'काही नाही' म्हणतं. त्याच्या शेजारच्या मुलाला उठवून तिथे बसा. काही विचारू नका. बऱ्याचदा घर आठवतंय म्हणून नसतं, घरी जायचंय म्हणून असतं. अशी मुलं मी पाहिली आहेत. अशाचं नाव लक्षात ठेवून परत गेल्यावर वर्गशिक्षकांच्या कानावर घालते, पालकांच्या नाही.

पालकांना वेळ सांगताना घोळ होतो. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे. आठचं विमान साडेपाच तास उडून आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास उतरतं. आठ अधिक साडेपाच असा हिशेब करून पालक दीडला येतात, किंवा सिंगापूरचीच वेळ धरून नऊपासून फोन करत राहतात. फक्त भारतीय वेळ लिहा, आणि 'बाहेर यायला साडेबारा' असंही लिहा, कारण 42 जणांच्या बॅगा पट्ट्यावरून यायला वेळ लागतो. जी मुलं मुंबईतूनच नातेवाइकांकडे जाणार असतील, त्यांना कोण नेणार त्याचं नाव आणि ओळखपत्र आधी घ्या. मामा म्हणून कोणीही येतो आणि मूलही झोपेत हो म्हणतं. सही घेतल्याशिवाय हात सोडू नका.

आणि सर, तुमची सहल तिथेही संपत नाही. पुढे सांगलीची बस आहे. इतक्या वर्षांत मूल मागे राहता राहता वाचलं ते सिंगापूरला नव्हे, आपल्याच एक्स्प्रेसवेवरच्या फूडमॉलला. रात्रीचे अडीच, सगळी बस झोपलेली, पाच-सहा मुलं उतरली म्हणून तेवढीच मोजून परत चढवली. सातवा मागच्या दाराने उतरला होता, बूट न घालता. बस सुरू झाल्यावर मी सवयीने मागे गेले, सीटखाली बूट दिसले आणि सीट रिकामी. तो वडापावच्या गाड्यापाशी अनवाणी उभा होता, हातात सिंगापूरचा एक डॉलर, आणि गाडीवाल्याला विचारत होता, हा चालेल का.

तेव्हा बसला दोन ड्रायव्हर आहेत का ते विचारा, आणि फूडमॉलला अख्खी बस मोजा, उतरलेले नुसते नकोत. युनिव्हर्सलची तिकिटं तारखेची असतात, एकदा निघाली की बदलताना पैसे जातात. एजंटला उद्या सकाळीच फोन करा.